सहमतीचा अंगठा

बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे प्रश्नांची वाण कधीच नव्हती. ऊसतोडीची उचल, पीकविम्याची भरपाई, टँकर, रखडलेले घरकुल यांतून मान वर काढायला फुरसत मिळत नाही. अशा रांगेत संकेतस्थळे, ब्राउझर आणि ‘कुकी’ यांना कोणी उभे करू पाहिले, तर त्याची संभावना ‘पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू मंडळींचे चोचले’ अशी होते. ज्याच्या घरात दोन वेळच्या भाकरीची विवंचना आहे, त्याला आपल्या खाजगी माहितीची काय पर्वा, हा सवाल चळवळीतील ज्येष्ठ मंडळीही मोठ्या आत्मविश्वासाने करतात. गरिबाजवळ लपवण्यासारखे असतेच काय, अशी पुस्तीही वर जोडली जाते.

हा सवाल दिसतो तितका पुरोगामी नाही. गरिबाला अब्रू नसते, त्याचे घर सर्वांना उघडे असते, हे गृहीत मुळात सावकाराचे आणि मुकादमाचे आहे. समाजवाद्यांनी ते नकळत उचलावे याचे आश्चर्य वाटते. त्यातही गंमत अशी की ज्या माहितीची गरिबाला पर्वा नसते असे आपण म्हणतो, तिच्यासाठी जगातील सर्वांत बलाढ्य कंपन्या कोट्यवधी रुपये मोजत आहेत. जी वस्तू मालकाला फुकट वाटते आणि खरेदीदाराला अनमोल वाटते, त्या वस्तूच्या व्यवहारात कोण नागवला जातो, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

कुकी ही मुळात निरुपद्रवी वस्तू. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली या तरुण अभियंत्याने ती घडवली. संगणकाच्या जाळ्यावर पान मागणारा आणि पान पुरवणारा यांच्यातील व्यवहार विस्मरणशील असतो. एक पान दिले की पुरवणारे यंत्र मागणाऱ्याला विसरून जाते. मग ग्राहकाने खरेदीच्या टोपलीत टाकलेल्या वस्तू पुढच्या पानावर लक्षात राहाव्यात कशा? त्यावर तोड निघाली ती अशी : संकेतस्थळाने ग्राहकाच्या यंत्रात एक लहानशी चिठ्ठी ठेवायची आणि पुढच्या प्रत्येक भेटीत ब्राउझरने ती आपणहून दाखवायची. एस. टी. स्टँडबाहेर सायकल ठेवताना मिळणारा बिल्ला आणि ही चिठ्ठी यांत तत्त्वतः फरक नव्हता. आजही बँकेच्या संकेतस्थळावर एकदा ओळख पटवल्यावर प्रत्येक पानागणिक पुन्हा संकेतशब्द मागितला जात नाही, तो याच चिठ्ठीमुळे.

बिघाड झाला तो तिसऱ्याच्या चिठ्ठीमुळे. वाचक एखाद्या वृत्तपत्राच्या पानावर जातो. त्या पानाच्या कोपऱ्यात जाहिरात कंपनीचा तुकडा बसवलेला असतो. आणि तो तुकडा वृत्तपत्राला बाजूला ठेवून आपली स्वतःची चिठ्ठी वाचकाच्या यंत्रात सरकवतो. तीच कंपनी सोयाबीनच्या भावाच्या पानावर असते, दवाखान्याच्या पानावर असते, नोकरीच्या जाहिरातींच्या पानावरही असते. वाचकाला वाटते आपण चार वेगळ्या दुकानांत गेलो. वस्तुतः चारही दुकानांच्या दारात एकच माणूस वही घेऊन बसलेला असतो. कोणी किती वेळ काय वाचले, रात्री किती वाजता काय शोधले, गावात कोणाला काय दुखते आहे, याची नोंद त्या वहीत होते. सफारी व फायरफॉक्स या ब्राउझरांनी अशा परक्या चिठ्ठ्या काही वर्षांपूर्वीच अडवायला सुरुवात केली. गुगलने मात्र २०२० साली त्या बंद करण्याची घोषणा केली, चार वर्षे ती लांबणीवर टाकली आणि २०२४ मध्ये सोडून दिली. जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीने जाहिरातीचे हत्यार आपणहून मोडीत काढावे अशी अपेक्षा ज्यांनी धरली, त्यांच्या भोळेपणाला दाद द्यावी तेवढी थोडीच.

युरोपात लोकांनी कायद्याची मात्रा वापरून पाहिली. २०१८ च्या मे महिन्यात तेथे माहिती संरक्षणाचा व्यापक कायदा अंमलात आला आणि प्रत्येक संकेतस्थळावर सहमती मागणाऱ्या पाट्या झळकू लागल्या. भांडवलाने त्यावरही तोड काढली. ‘स्वीकारा’ची कळ मोठी, ठळक, एका टिचकीची, ‘नाकारा’ची वाट तीन पानांआड दडवलेली. फ्रान्सच्या नियामकाने या लबाडीबद्दल २०२२ च्या आरंभी गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोठावला, तेव्हा कुठे ‘नाकारा’ची कळ शेजारी येऊन बसली. यातून एवढेच ध्यानात घ्यायचे की सहमती हा शब्द कायद्यात लिहून भागत नाही. ती कोणत्या परिस्थितीत, कोणाच्या हाताने आणि कोणत्या भाषेत घेतली जाते, हा खरा प्रश्न असतो.

आणि हा प्रश्न पॅरिसपेक्षा पाटोद्यात अधिक जळजळीत आहे.

पॅरिसचा नागरिक निदान स्वतःच्या बोटाने कळ दाबतो. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या पट्ट्यातील शेतकरी आणि ऊसतोड कामगार सरकारी संकेतस्थळापुढे स्वतः बसतच नाही. तो सेवा केंद्रात जातो, आधारकार्डाची झेरॉक्स, बँकेचे पासबुक आणि सातबारा टेबलावर ठेवतो, आणि मोबाइलवर आलेला आकडा मोठ्याने वाचून दाखवतो. मागे रांगेत उभ्या असलेल्या दहा जणांनाही तो ऐकू जातो. ‘मी अटी वाचल्या आहेत व त्या मला मान्य आहेत’ या ओळीपुढची खूण केंद्रचालक करतो. ती ओळ बहुधा इंग्रजीत असते. अटी चालकाने वाचलेल्या नसतात, शेतकऱ्याने पाहिलेल्याही नसतात. चिठ्ठी साठते ती केंद्राच्या यंत्रात, कागदपत्रांची छायाचित्रे राहतात ती केंद्राच्या संगणकात, आणि सहमती मात्र नोंदली जाते शेतकऱ्याच्या नावावर. जो खूण करतो त्याचे काही जात नाही आणि ज्याचे जाते त्याला खूण दिसत नाही, अशा व्यवहाराला कायदा ‘मुक्त सहमती’ म्हणणार असेल तर मराठी भाषेत फसवणूक या शब्दाला काही काम उरणार नाही.

यात केंद्रचालकाला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. तो बहुतेक वेळा याच जिल्ह्यातला शिकलेला बेकार तरुण असतो. त्याला पगार नाही. दर अर्जामागे काही रुपये मिळतात. पीकविम्याच्या अर्जामागे विमा कंपनीने केंद्राला ४० रुपये द्यावेत अशी व्यवस्था होती. ज्याचे पोट अर्जांच्या संख्येवर अवलंबून आहे, त्याने प्रत्येकाला अटी वाचून दाखवाव्यात अशी अपेक्षा करणे म्हणजे उक्त्या कामावरच्या मजुराकडून नक्षीकाम मागणे होय. राज्यसंस्थेने आपले काम तुकड्या-तुकड्याने कंत्राटी दिले आणि त्याबरोबर नागरिकाच्या गोपनीयतेची जबाबदारीही कंत्राटात घालून टाकली. मूळ दोष तेथे आहे.

या व्यवस्थेची फळे बीड जिल्ह्याने चाखली आहेत. खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीकविमा देण्यात आला. बीड तर पीकविम्यात आधीपासून गाजलेला जिल्हा; २०२० साली येथे नफा-तोट्याच्या मर्यादा बांधणारे सूत्र प्रथम लागू झाले आणि ‘बीड पॅटर्न’ या नावाने पुढे राज्यभर पोहोचले. एक रुपयाच्या विम्याबरोबर बोगस अर्जांचे पीकही तरारून आले. दुसऱ्याच्या जमिनीवर, गायरानावर, सरकारी जमिनीवर विमा उतरवल्याची प्रकरणे बाहेर पडली, डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात ती गाजली आणि त्यात बीडचे नाव अग्रभागी होते. परिणाम काय झाला? २०२५ मध्ये एक रुपयाची योजनाच गुंडाळण्यात आली आणि खऱ्या शेतकऱ्याला खरिपासाठी विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता भरण्याची पाळी आली. चोरी झाली ती ओळखीची, नोंदींची, सातबाऱ्याची. आणि भुर्दंड पडला तो ज्याची ओळख वापरली गेली त्या वर्गावर. माहितीचे संरक्षण हा सुखवस्तूंचा प्रश्न आहे असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

दुसरे उदाहरण लाडक्या बहिणींचे. २०२५ च्या सप्टेंबरात लाभार्थी स्त्रियांची संगणकीय ओळखपडताळणी सुरू झाली आणि तिच्यात पतीच्या किंवा वडिलांच्या आधारक्रमांकाची पडताळणी मागितली गेली. विधवेने, परित्यक्तेने काय करायचे, हा विचार पद्धत आखणाऱ्याला सुचला नव्हता. ओरड झाल्यावर दुरुस्ती करावी लागली. दसरा उलटला की बीडचा कोयता सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतो. ज्या काळात कुटुंब कोपीत राहते, त्याच काळात मुदती संपत आणल्या जातात. मग गडबडीने कोणाच्याही हाती मोबाइल दिला जातो, कोणत्याही दुव्यावर बोट ठेवले जाते. घाई आणि भीती निर्माण करून घेतलेल्या माहितीवर पुन्हा ‘स्वेच्छेने दिलेली’ असा शिक्का बसतो.

या साऱ्याला महाराष्ट्राच्या इतिहासात एक जुना दाखला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली आणि तो वणवा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पसरला. बीड त्या वेळी निजामाच्या राज्यात. आष्टीच्या पलीकडची शीव ओलांडली की दंग्याचा मुलूख. त्या शेतकऱ्यांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता. त्यांनी खतपत्रे आणि हुकूमनामे मागून घेतले आणि जाळले. न वाचता केलेल्या अंगठ्याने आपले घर, बैल आणि शेत कसे जाते हे त्यांना नेमके कळले होते. पुढे १८७९ साली ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ झाला. परक्या सरकारचा, अपुरा, पुष्कळ पळवाटांचा. पण त्यात एक मोठे तत्त्व होते. खतावर अंगठा आहे एवढ्यावर न्यायालयाने थांबू नये, व्यवहाराच्या मुळाशी जाऊन त्याचा इतिहास तपासावा, आणि खेड्यातील खत नोंदणी अधिकाऱ्यासमोर करावे. विषम बळाच्या दोघांतील करारात कागदावरची संमती निर्णायक मानता येत नाही, हे साम्राज्यशाहीच्या न्यायाधीशालाही मान्य करावे लागले. दीडशे वर्षांनंतर स्वतंत्र भारतात ‘स्वीकारा’वरची टिचकी निर्णायक मानली जावी, ही प्रगती म्हणायची की पीछेहाट?

सावकार गेला असे समजणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार भारतीय ग्राहकांना मोबाइलवरून कर्ज देणारी सुमारे १,१०० अ‍ॅप्स उपलब्ध होती आणि त्यांपैकी ६०० बेकायदा होती. या अ‍ॅप्सची रीत अशी की पाच-दहा हजारांचे कर्ज देताना मोबाइलमधील सर्व नातेवाइकांचे क्रमांक व छायाचित्रे पाहण्याची ‘परवानगी’ घ्यायची, आणि हप्ता चुकला की सासुरवाडीपासून शाळामास्तरापर्यंत सर्वांना फोन करून अब्रू चव्हाट्यावर मांडायची. जुना सावकार बैल सोडून न्यायचा. नवा सावकार नाव घेऊन जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या अ‍ॅप्सना संपर्कयादी, फायली व कॉलची नोंद पाहण्यास मनाई केली हे योग्यच झाले. परंतु जी अ‍ॅप्स मुळातच बेकायदा आहेत त्यांना मनाईची काय मातब्बरी? आणि कर्जाच्या शोधात असलेल्या शेतकऱ्यापर्यंत त्यांची जाहिरात नेमकी पोहोचते कशी, याचे उत्तर दारात वही घेऊन बसलेल्या त्या माणसाकडे आहे. १८७५ च्या शेतकऱ्याला खत जाळता तरी आले; या वहीची प्रत किती ठिकाणी आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आला. त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. या कायद्यात ‘कुकी’ हा शब्द नाही, पण सहमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे असे तो सांगतो. सहमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे, असेही तो सांगतो. सहमती मागणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मिळण्याचा पर्याय नागरिकाला आहे. अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांच्याकडे रोखलेल्या जाहिरातींस मनाई आहे. मोठा कसूर झाल्यास कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे सर्व स्वागतार्ह आहे आणि नाक मुरडण्याचे कारण नाही.

परंतु कायद्याचे पोट फाडून पाहिले की आत वेगळेच निघते. अनुदान, लाभ, प्रमाणपत्र, परवाना देताना राज्यसंस्थेला अनेक बाबतींत नव्याने सहमती घेण्याची गरजच ठेवलेली नाही. सुरक्षितता आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांच्या नावाने केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला या कायद्यातून पूर्ण मोकळे करू शकते. दाद मागायची ती ज्या मंडळाकडे, त्याचे सदस्य केंद्र सरकारच नेमणार. आणि मंडळाचे कार्यालय ‘डिजिटल’, म्हणजे सेवा केंद्राने फसवले असेल तर तक्रार भरण्यासाठी पुन्हा सेवा केंद्रातच जावे लागायचे! वसूल झालेला दंड सरकारी तिजोरीत जमा होणार, नागवलेल्याच्या हाती त्यातले काही नाही. नुकसानभरपाई मागण्याची जी तरतूद माहिती-तंत्रज्ञान कायद्यात होती, तीही वगळण्याचे या कायद्याने ठरवले आहे. उलट नागरिकाची ‘कर्तव्ये’ सांगून ती मोडल्यास त्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड करण्याची सोय मात्र आठवणीने केली आहे.

सर्वांत मोठा घाव आहे तो माहितीच्या अधिकारावर. २००५ च्या कायद्यानुसार व्यक्तिगत माहिती नाकारता येत असे, पण व्यापक जनहित असेल तर ती द्यावी लागे. आणि जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारू नये, अशी पुस्ती होती. नव्या कायद्याने या कलमाची कात्रण करून ‘व्यक्तिगत माहिती’ एवढेच कारण नकाराला पुरेसे केले. कायद्यातील नागरिकाच्या संरक्षणाच्या मुख्य तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिली, म्हणजे २०२७ चा मे उजाडणार. ही कात्रण मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये ताबडतोब अंमलात आली. सरकारला कशाची घाई होती हे यावरून कळावे. जनहिताचे एक सर्वसाधारण कलम मूळ कायद्यात अजून शिल्लक आहे, पण त्याचा उपयोग करायचा की नाही हे माहिती दडवणाऱ्याच्याच मर्जीवर येऊन ठेपते.

महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला. हजेरीपटावरची खोटी नावे उघड करणे हे तेव्हापासून ग्रामीण कार्यकर्त्याचे मुख्य काम राहिले आहे. मेलेल्या माणसाच्या नावाने मजुरी कोणी उचलली, बांध न घालता बिल कोणी काढले, बोगस विमा कोणाच्या खात्यात गेला, हे नावांशिवाय कसे कळणार? उद्या तहसीलमधला कारकून ‘ही व्यक्तिगत माहिती आहे’ एवढे एका ओळीत लिहून अर्ज परत करील. मजुराचा बोटाचा ठसा, डोळ्याचे बुबुळ, बँक खाते आणि मोबाइलवरील हालचाल कंपन्यांना व सरकारला खुली. आणि सरकारचा हजेरीपट मजुराला बंद. खाजगीपणाच्या नावाखाली खाजगीपणाचा इतका चोख उलटा अर्थ लावण्याची किमया आपल्याच राज्यकर्त्यांना साधावी.

येथे काही प्रामाणिक कार्यकर्त्यांचा गोंधळ होतो. माहिती उघडी हवी म्हणायचे आणि खाजगीपणाही हवा म्हणायचे, हे दोन्ही एकदम कसे? उत्तर या जिल्ह्याच्या अनुभवातच आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. तो आकडा जगापुढे येणे आवश्यक होते. त्याशिवाय दवाखान्यांची झाडाझडती झाली नसती. पण त्या १३ हजारांतील एकीचेही नाव चव्हाट्यावर येण्याची गरज नव्हती. आकडा समाजाचा, नाव तिचे. त्याच न्यायाने शस्त्रक्रिया कोणत्या दवाखान्याने किती केल्या, सरकारी पैसा कोणाच्या हाती गेला, ही माहिती झाकता येणार नाही, कारण ती सत्तेच्या व्यवहाराची आहे. उजेड वरच्या दिशेने टाकायचा असतो. झोपडीवर प्रखर झोत आणि वाड्यावर पडदा, ही तर सरंजामशाहीची जुनीच रीत झाली.

घरच्या कारभाराकडेही थोडे पाहिले पाहिजे. मोर्चाच्या आदल्या दिवशी शंभर आधारकार्डांच्या झेरॉक्स गोळा करून त्या कार्यालयाच्या कपाटावर धूळ खात टाकणारे कार्यकर्ते आपल्यातही आहेत. लाभार्थ्यांच्या याद्या, मोबाइल क्रमांकांसह, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकून ‘काम झाले’ म्हणणारेही आहेत. हेतू निर्मळ असतो हे खरे. पण निवडणुकीच्या काळात हीच यादी कोणाच्या खिशात जाते, हे विचारले की माना खाली जातात. ज्या झेरॉक्सची गरज संपली ती फाडून टाकणे, आधारची शेवटचे चारच आकडे दाखवणारी प्रत देणे, केंद्रातील संगणकावरून आपले खाते बंद करवून घेतल्याशिवाय न उठणे, या गोष्टींना क्रांती लागत नाही, शिस्त लागते.

ऊसतोड कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रे, शेतकरी ओळख क्रमांक, पिकांची मोबाइलवरून पाहणी अशा एकामागून एक नव्या वह्या या जिल्ह्यात उघडल्या जात आहेत. त्या बंद कराव्यात असे कोणी म्हणत नाही; मुकादमाच्या तोंडी हिशेबापेक्षा सरकार-दरबारची नोंद शतपटीने बरी. मात्र प्रत्येक वहीत काय लिहिले, ते कोणाला दाखवले आणि कधी पुसणार, हे ज्याचे त्याला मराठीत, लेखी मिळाले पाहिजे. दुसऱ्याच्या हाताने झालेली सहमती, १८७९ च्या खताप्रमाणे, मुळापासून तपासता आली पाहिजे, आणि ती खरी होती हे सिद्ध करण्याचा भार ती घेणाऱ्यावर असला पाहिजे. सेवा केंद्रचालकाला दर अर्जामागे कमिशन न देता निश्चित वेतन दिले पाहिजे. माहितीच्या अधिकाराचे कापलेले कलम जसे होते तसे परत आले पाहिजे. दसऱ्यानंतर गावे रिकामी होतात. त्याआधीच्या ग्रामसभांत हे ठराव मांडायचे, तर तालुका समित्यांनी श्रावणातच बैठका लावाव्या लागतील.